रूळ नसलेली वाट

गाठ सुटली नाही, हे आधी बोटांना कळलं, मला नंतर. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दादाकडून नेहमीप्रमाणे तांदळाची दोन पोती आली होती. जाड तपकिरी कागदाची, तीस तीस किलोची, तोंडाशी तीन घड्या घालून कागदी सुतळीने बांधलेली. कुरियरवाला ती दाराच्या आत ठेवून कंबर धरत निघून गेला. मी स्वयंपाकघरात गुडघे टेकले आणि न बघताच सुतळीचं डावं टोक ओढलं. तीस वर्षं डावं टोक ओढलं की गाठ सुटत आली आहे, कारण माझा दादा डावखुरा आहे. शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारमारून त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं, आईने उजव्या हातात जेवायच्या काड्या धरायला लावल्या. गाठी कोण कशा मारतो ते कोणी बघत नाही, त्या डाव्याच राहिल्या. यंदा डावं टोक ओढलं तर गाठ आणखी आवळली. मी दुसरं पोतं पाहिलं, तेही तसंच. कुणा उजव्या माणसाने बांधलेलं, चांगलं नेटकं. मी तसाच गुडघ्यांवर बसून राहिलो.

"काय हो, कंबरेत उसण भरली का?" मिसाओने, माझ्या बायकोने, ओट्यापाशी उभ्या उभ्या विचारलं.

"गाठ उलटी आहे."

"मग कात्री कशासाठी असते?" ती म्हणाली, आणि तिने कात्रीने सुतळी कापून टाकली. मग पोत्यात डोकावून तिने मोठा उसासा सोडला. "तुमच्या दादाला एकदा सांगा तरी, की आम्ही हत्ती पाळलेला नाही."

ती हे दरवर्षी म्हणते. खोटं काही म्हणत नाही. मुलगी ओसाकाला, तिच्या घरात सकाळी पाव आणि रात्री काय ते देव जाणे. इथे आम्ही दोघं, आणि डॉक्टरांनी माझ्या साखरेकडे बोट दाखवल्यापासून माझा भात अर्ध्या वाडग्यावर आलेला. साठ किलो तांदूळ आम्ही खाणार कधी? थोडा मिसाओ पिशव्यांत भरून शेजाऱ्यांना वाटते. हल्ली शेजारी लिफ्टमध्ये आम्हाला बघितलं की फोन काढून कानाला लावतात. गेल्या वर्षीचं एक पोतं अजून गॅलरीतल्या कपाटात आहे आणि त्यात किडे झाले आहेत. तरी दरवर्षी डिसेंबरात मी दादाला बिअरची पेटी पाठवतो आणि सोबत कार्डावर लिहितो, "यंदाचाही तांदूळ फार गोड. आपल्या पाण्याची चवच वेगळी." हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की लिहिताना मन दुसरीकडे असतं.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दादा पंचाहत्तरचा. गाठ त्याची नसेल, तर हात कुणाचा? आणि हात दुसऱ्याचा असेल, तर शेत कुणाच्या हातात? वडील गेले त्याच्या एकोणपन्नासाव्या दिवशी, शेवटचा विधी उरकून पाहुणे पांगल्यावर, दादाने माझ्यापुढे एक कागद ठेवला होता. जमिनीवरचा माझा हक्क मी सोडतो, असा. आमच्याकडे हे असंच होतं. शेताचे तुकडे पडू नयेत म्हणून थोरला ठेवतो, धाकटे सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारतात. मी शिक्का सोबतच नेला होता. लाल शाईत तो दाबताना मला काहीच वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. दादा कागदावर फुंकर घालत म्हणाला, "तांदूळ पाठवत जाईन. मी आहे तोवर." एवढंच आमच्यात बोलणं झालं. त्यानंतर तीस वर्षं आम्ही भाऊ आहोत ते त्या दोन पोत्यांपुरते. ती थांबली असती तर आम्हाला एकमेकांशी बोलायला काही निमित्तच उरलं नसतं. म्हणून खाऊ शकत नव्हतो तरी मी नको म्हणत नव्हतो.

फोन करून विचारता आलं असतं. पण आमच्या घरात फोनवर फक्त हवामान विचारतात.

निवृत्त झाल्यावर मी सायकल घेतली आहे. पुढचं चाक काढून ती पिशवीत भरायची, पिशवी आगगाडीत चढवायची आणि कुठेतरी उतरून पुन्हा जोडायची. माझ्या वयाचे बरेच लोक हे करतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी त्सुचिउरा स्टेशनबाहेर चाक बसवलं, पंप मारला आणि गावाकडे जाणाऱ्या सायकलवाटेला लागलो. माझ्या गावापर्यंत तिथून वीस-बावीस किलोमीटर आहेत. या वाटेवर मोटारी येत नाहीत, कारण ही मुळात मोटारींची वाटच नव्हे. इथून आमची आगगाडी जायची. रूळ उखडले, खडी काढली, डांबर पसरलं, मधोमध पांढरी रेघ ओढली. मी आयुष्यभर रेल्वेच्या वेळापत्रकांची मुद्रितं तपासली. नोकरीत नवा होतो तेव्हाच ही लाइन बंद झाली आणि तिचं पान अंकातून काढायचं काम माझ्याकडे आलं. सतरा स्टेशनं, दिवसाला बारा फेऱ्या. लाल पेन्सिलीने मी त्यावर एक तिरकी रेघ मारली आणि पुढच्या पानाचा क्रमांक बदलला. साहेबांनी विचारलं होतं, "कुरिहारा, तुमचं गाव याच बाजूला ना?" मी म्हणालो, "हो, याच बाजूला." मग आम्ही चहा प्यायलो.

वाट सपाट आहे. एका बाजूला दोन शिखरांचा डोंगर, आणि त्याच्या पायथ्यापासून इकडे सगळी भाताची खाचरं. कापणी होऊन दीड महिना झाला होता आणि खोडांना पुन्हा फुटवे आले होते. लांबून बघणाऱ्याला वाटावं नवीन पीक उभं आहे. त्यात दाणा भरत नाही, थंडी पडली की ते तसंच वाळून जातं. दर खाचरात एखादा बगळा उभा होता. गाड्या नाहीत, सिग्नल नाही, मागे वळून बघायचं कारण नाही, त्यामुळे पाय आपोआप फिरत राहतात आणि डोक्याला काही काम उरत नाही. शहरात मी सायकल चालवतो तेव्हा विचार करायला सवड नसते, त्यासाठीच तर मी ती चालवतो. इथे मात्र एकेक गोष्ट वर येऊ लागली. दादाला काय विचारायचं? शेत विकलंस का? विकलं असेल तर मी कोण विचारणारा, शिक्का मारून मोकळा झालेला? आणि हा तांदूळ विकतचा असेल तर पाच वर्षं, दहा वर्षं, किती वर्षं मी विकतच्या तांदळाला आपल्या पाण्याची चव म्हणत आलो? मला राग यायला लागला. बावीस किलोमीटरपैकी निदान आठ मी दादावर चिडून काढले. समोरून निवृत्त मंडळींचा एक जथा आला. सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाची हेल्मेटं. "नमस्कार! वारा अंगावर आहे ना?" त्यांच्यातली पुढची बाई ओरडली. "आमचं बरंय, आम्हाला मागून ढकलतोय!" सगळे हसत निघून गेले. वारा अंगावर आहे, हे मला तेव्हा कळलं.

शिमोनुमाचा फलाट अजून आहे. आमचं स्टेशन. वाट दोन फलाटांच्या मधून जाते, म्हणजे जिथे रूळ होते तिथून सायकल जाते आणि फलाट छातीएवढा उंच दिसतो. मी कधी इथून तो पाहिला नव्हता. आगगाडीलाच तो असा दिसत असणार. अठराव्या वर्षी मी टोकियोला निघालो तेव्हा वडील खाचरांचं पाणी बघायला गेले होते. ते कुणासाठीही पाणी सोडून आले नसते. माझी बॅग दादाने आणली होती. गाडी सुटल्यावर मी खिडकीतून डोकं काढलं. वाटलं, हा हात हलवील. तो माझ्याकडे बघतच नव्हता. फलाटापलीकडच्या खाचरात कुणीतरी पाण्याचं दार उघडं टाकलं होतं, तिकडे बघत होता. मला त्या वेळी फार वाईट वाटलं होतं, आणि इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही. आता फलाटावर चेरीची झाडं, दोन बाकं आणि सायकलवाल्यांसाठी स्वच्छ शौचालय आहे.

फलाटापासून आमची खाचरं दिसतात. मी वाट सोडून शेतरस्त्याला वळलो. आमच्या मोठ्या खाचराच्या बांधावर कुणीतरी तुसाचा ढीग पेटवला होता. मधे पत्र्याची नळी खोचलेली, तिच्यातून धूर निघत होता. हा धूर नाकात गेला आणि मी उतरलो. ढिगाशेजारी तिशी-पस्तिशीचा एक माणूस फावड्याने काळं पडलेलं तूस वरखाली करत होता. मागे एवढा मोठा ट्रॅक्टर उभा होता की आमच्या बांधावर तो आला कसा याचंच मला आश्चर्य वाटलं.

"काका, रस्ता चुकलात," तो फावडं थांबवून म्हणाला. "शौचालय मागे, फलाटावर."

"नाही, मी नुसतं बघतोय."

"बघा की. फोटो काढायचा असेल तर डोंगर तिकडून चांगला येतो. सगळे तिथूनच काढतात."

मी आमच्या शेतात उभा राहून पर्यटक झालो होतो. हसू आलं नाही, पण येऊ शकलं असतं. मी विचारलं, "शेत तुमचं का?"

"माझं कुठलं? कुरिहारा आजोबांचं. पाच वर्षं झाली, आमची कंपनी कसते. इथली निम्मी खाचरं आम्हीच कसतो, म्हाताऱ्यांची." त्याने आपलं नाव याबे असं सांगितलं. "आजोबांनी दिलं तेव्हा एकच अट घातली. खंड पैशांत नको, याच खाचरातल्या तांदळात द्यायचा. इथे सगळीकडचं भात एकत्र करून वाळवतात, पण यांचं मी वेगळं वाळवतो. डोक्याला ताप आहे, पण म्हातारा रोज येऊन उभा राहतो ना. काय करणार?"

"रोज येतात?"

"यायचे. यंदा सप्टेंबरात पायरीवरून पडले, डावं मनगट मोडलं. पोतीसुद्धा मला बांधायला लावली. शेजारी उभे राहून मला शिव्या देत होते, घडी नीट पडत नाही म्हणून." तो हसला. "तुम्ही ओळखता का त्यांना?"

"थोडंफार," मी म्हणालो.

माझा राग गेला होता, आणि त्याच्या जागी काय आलं ते मला ठरवता येत नव्हतं. तांदूळ आमच्याच मातीतला होता. दादाने मला फसवलं नव्हतं, फक्त सांगितलं नव्हतं. पण शेत हातातून गेल्यावरही हा माणूस पाच वर्षं माझ्यासाठी वेगळं भात वाळवून घेत होता आणि माझ्या गॅलरीत त्याला किडे लागत होते. मी सायकल हातात धरून घरापर्यंत चालत गेलो. चालताना ठरवलं, आज सांगून टाकायचं. दादा, आता पाठवू नकोस. एवढं एक वाक्य. त्यानंतर आमच्यात काय उरेल ते उरेल.

दादा पडवीत बसला होता आणि फुमिए वहिनी त्याच्या उजव्या हाताची नखं कापत होत्या. डाव्या हाताने कात्री धरता येत नसणार. मला बघून त्याने हात झटकन मागे घेतला.

"कोण मेलं?" दादाने विचारलं.

"कोणी नाही."

"मग असा न कळवता?"

"सायकल चालवत होतो."

"टोकियोहून?"

"त्सुचिउराहून. त्या वाटेने."

"गाडीभाड्याला पैसे उरले नाहीत वाटतं पेन्शनीत." त्याने माझ्या घट्ट विजारीकडे बघितलं आणि मान फिरवली. "ही चड्डी घालून गावातून आलास?"

"पुरे हो तुमचं," वहिनी म्हणाल्या. "या भावजी, आत या. जेवायची वेळ झाली आहे, आणि तुम्ही काही कळवलं नाहीत. घरात काही म्हणजे काही नाही."

घरात काही नाही म्हणत त्यांनी मासा भाजला, मिसोचं सूप उकळलं, मुळ्याचं लोणचं चिरलं. भाताचं झाकण उघडल्यावर पहिली छोटी वाटी भरून त्यांनी देवघरातल्या वडिलांच्या फोटोपुढे ठेवली आणि हात जोडले. जरा जास्तच वेळ जोडले, असं मला वाटलं. दादा उजव्या हाताने जेवत होता. डावा हात मांडीवर ठेवला होता आणि बोटं नीट मिटत नव्हती.

"शेतावरून आलो," मी म्हणालो. "याबे भेटला."

दादाने लोणच्याचा एक तुकडा उचलून वाडग्यात ठेवला. मग म्हणाला, "चांगला मुलगा आहे. मशीन हळू चालवत नाही, पण चांगला आहे." आणि थोड्या वेळाने, "गुडघे चिखलातून निघेनात. म्हणून दिलं."

"बरं केलंस."

"तांदूळ तोच आहे."

"माहीत आहे मला."

मी भात तोंडात घातला. सायकलमुळे भूक लागली होती हे खरं, पण नुसती भूक नव्हे. गरम, चिकट, किंचित गोड. वडिलांचा फोटो समोर, बाहेर तुसाचा धूर, आणि जिभेवर तो भात. कार्डावर तीस वर्षं लिहिलेलं वाक्य खरंच खरं आहे, असं मला पहिल्यांदा वाटलं. साखर, डॉक्टर सगळं विसरून मी वहिनींपुढे दुसऱ्यांदा वाडगा धरला. "दादा, टोकियोत हाच तांदूळ असा लागत नाही," मी म्हणालो. "एका घासात कळतं, आपल्या पाण्याचा आहे. डोळे बांधून दिला तरी ओळखीन मी."

वहिनींना ठसका लागला. त्या उठून ओट्यापाशी गेल्या आणि पाठमोऱ्या पाणी पीत राहिल्या. दादा माशाचे काटे काढत होता. एवढ्या बारीक माशात एवढे काटे नसतात. पण त्याचा चेहरा मात्र उजळला होता. "मग खा," तो म्हणाला. "पुढल्या वर्षी तोवर हात बरा होईल. मीच बांधीन."

आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं. तयार केलेलं वाक्य मात्र आठवेना. भलतंच बाहेर आलं. "दादा, आमच्याकडे तो संपत नाही. आम्ही दोघंच. मिसाओ शेजाऱ्यांना वाटते, तर शेजारी तोंड चुकवतात. गेल्या वर्षीचं एक पोतं तसंच पडलंय." आणि मग, थांबायला हवं होतं तिथे न थांबता, "त्याला किडे झालेत."

दादाने काड्या खाली ठेवल्या. तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि या वेळी तो कशाकडेच बघत नव्हता. मला वाटलं, संपलं. साठ-सत्तर वर्षांचं काय असेल ते एका वाक्यात मी संपवून टाकलं, तेही त्याच्या घरात, त्याचा भात तोंडात असताना. पळून जावंसं वाटलं. बाहेर सायकल होती.

"म्हणजे," दादा अगदी हळू म्हणाला, "तेवढंही नको झालं तुला."

"तसं नाही—"

"मग अर्धं इकडे आणा की, भावजी." वहिनी ओट्यापाशीच होत्या, पाठमोऱ्याच.

"फुमिए," दादा म्हणाला.

"काय फुमिए? आता झाकून काय उपयोग?" त्या वळल्या. हातात ओला पेला होता. "खंडाची दोन पोती येतात भावजी, दोनच, आणि दोन्ही तुमच्याकडे जातात. पाच वर्षं या घरात आपल्या शेतातला दाणा शिजलेला नाही. तुम्ही आत्ता दोन वाडगे खाल्लात ना, तो कोपऱ्यावरच्या दुकानातला. पाच किलोची पिशवी. कुठला आहे, कुणास ठाऊक. मामंजींपुढेसुद्धा रोज तोच ठेवते मी, आणि रोज हात जोडून माफी मागते."

मी वाडग्यात पाहिलं. तळाशी पाच-सहा शितं चिकटली होती. डोळे बांधून ओळखणार होतो मी. मला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी हसू आलं, पण ते आवरायला हवं होतं, कारण दादाचे कान लाल झाले होते. लहानपणी मास्तरांची पट्टी खाल्ल्यावर व्हायचे तसेच. पंचाहत्तर वर्षांचा थोरला भाऊ धाकट्याला भरपूर पाठवतो एवढंच त्याच्याकडे उरलं होतं, आणि ते आम्ही दोघांनी मिळून जेवणाच्या ताटावर काढून घेतलं होतं. बाहेर याबेचा ट्रॅक्टर सुरू झाला, लांब गेला. वहिनींनी पेला पुसला, मग दुसरा पेला घेऊन तोही पुसला.

"खूप झालेत का?" दादाने विचारलं.

"काय?"

"किडे."

"बरेच," मी म्हणालो. "आम्ही चाळून आणू."

"तुम्हाला जमायचं नाही," दादा म्हणाला. त्याने उजव्या हाताने काड्या उचलल्या आणि अर्धवट राहिलेला मासा पुढे ओढला. "तसंच घेऊन ये. मी चाळीन."